बिनस्क्रूचं सामान

पांढुर्णा आणि सौसर यांच्या दरम्यान जेवढा म्हणून संशय शिल्लक आहे तो सगळा आमच्या भाऊजींनी एकट्याच्या अंगावर घेतला आहे, आणि म्हणूनच या भागातली बाकीची माणसं अजून इतकी भोळी राहू शकली, असं माझं अनेक वर्षांचं मत आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान; ते राहतात पांढुर्ण्याला, मी सौसरला. माणूस सरळ, निर्व्यसनी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण विश्वास नावाचा जिन्नस त्यांना घडवताना घालायचा राहून गेला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. भाऊजींचं तोंड आजवर कशानंही पोळलेलं नाही, कारण ते दूध, ताक आणि पाणी तिन्ही पहिल्यापासूनच फुंकून पितात. बसमध्ये कोणी सरकून जागा दिली, तर बसण्याआधी ते त्या जागेवर हात फिरवून पाहतात. रस्त्यात कोणी नमस्कार घातला, तर उलट नमस्कार न करता "काय काम हाय?" असं विचारतात, आणि काही काम नाही म्हटलं की त्यांचा संशय पक्का होतो. या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांची मिशी. वरचा ओठ तर सोडाच, खालच्या ओठाचाही बराचसा भाग झाकून टाकणारी ती मिशी म्हणजे त्यांनी तोंडाला लावलेलं शटरच होतं. चहा तिच्यातून गाळून आत जायचा आणि शब्द गाळून बाहेर यायचे. माणूस हसतोय की दातओठ खातोय, हे समोरच्याला कळायची सोय नव्हती, आणि भाऊजींना ते फार सोयीचं वाटत असे.

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, भाऊजी पेचकस ठेवतात. घरात आलेली कोणतीही नवी वस्तू आधी स्क्रू काढून उघडायची, आत काय आहे ते डोळ्यांनी बघायचं, आणि मगच वापरायची, असा त्यांचा नेम आहे. लग्नात आमच्या वडिलांनी त्यांना मनगटी घड्याळ दिलं होतं. मंगलाष्टकं संपली, लोक पंगतीकडे पळाले, आणि नवरदेव एकीकडे बसून त्या घड्याळाचं मागचं झाकण नखानं उचकटत होते. माझी आई घाबरली. वडील म्हणाले, "जावई चौकस हायेत." हा 'चौकस' शब्द त्या बिचाऱ्यांना पुढे जन्मभर पुरवावा लागला. मिक्सर घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराच्या गल्ल्यावरच भाऊजींनी तो उलटा केला. पंखा, इस्त्री, विहिरीवरची मोटर, ताईचं शिलाई मशीन, मी हौसेनं नेलेली दाराची घंटी, काही म्हणजे काही सुटलं नाही. आता कोणाला वाटेल की या कामात त्यांचा हातखंडा असेल. तसं मुळीच नाही. परत बसवताना दर खेपेला एखादा स्क्रू उरतोच. उरलेले स्क्रू ते बामच्या रिकाम्या डबीत टाकतात, आणि वस्तू त्यानंतरही नीट चालली तर त्यातूनही त्यांना शंकाच येते. "पाहा साळेबुवा," ते डबी माझ्या कानाशी वाजवून म्हणत, "एवढे जास्तीचे लावून ठेवते कंपनी. आपण कटाळून खोलूच नाही म्हणून." त्यांचा एकूण सिद्धांत असा होता, की ज्या सामानाचा स्क्रू मालकाला काढता येत नाही ते सामान मालकाचं नव्हे, त्यानं त्याचे फक्त पैसे भरले.

मालकीच्या बाबतीत हा माणूस जगावर जेवढा कडक, त्याच्या दुप्पट स्वतःवर. तिगावच्या बाजूला त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. आमच्याकडे पुष्कळ जण फळ तोडून बाजारात नेत बसत नाहीत. फळ झाडावर असतानाच अख्खा बगीचा व्यापाऱ्याला देऊन टाकतात. सौदा झाला की तोडणी होईपर्यंत फळ व्यापाऱ्याचं आणि राखायला माणूसही त्याचाच. अर्थात जमीन आपली, झाडं आपली, तेव्हा जाता-येता चार संत्री तोडून पाहुण्यांच्या हातावर ठेवायला कोणी व्यापाऱ्याला विचारत नाही, आणि व्यापारीही तोंड वाकडं करत नाही. भाऊजींना हे मान्य नाही. एका हिवाळ्यात मी आणि बायको त्यांच्या बगीच्यात गेलो होतो. फांद्या फळांनी इतक्या वाकलेल्या, की बसल्या जागी हात वर करावा आणि संत्रं हातात यावं. भाऊजींनी आम्हाला बाजेवर बसवलं, "आलोच" म्हणून मोटरसायकल काढली, आणि पांढुर्ण्याच्या बाजारातून पिशवीभर संत्री विकत घेऊन आले. त्यांच्याच झाडाखाली बसून आम्ही ती दुसऱ्याच्या झाडाची आंबट संत्री खाल्ली. व्यापाऱ्याचा राखणदार पोट धरून हसत होता. मला राग आला. म्हटलं, "भाऊजी, चार संत्र्यानं तो व्यापारी भिकेले लागते का?"

"इकलं ना मी?" भाऊजी शांतपणे म्हणाले. "इकलं म्हणजे इकलं. मंग त्यात हात कसा घालू?"

फक्त विहिरीजवळचं एक झाड ते दरवर्षी सौद्याबाहेर ठेवत. व्यापाऱ्याला आधीच, चारचौघांदेखत, त्या झाडाच्या खोडावर हात ठेवून सांगत, "हे तुमच्यात नाही. हे घरवालीचं हाय." मग त्या झाडाची संत्री ताईनं तोडायची, ताईनं वाटायची, आणि भाऊजींना हवं असलं तर त्यांनीही ताईकडे मागायचं, असा कायदा होता. त्या हिवाळ्यात ताईनं ती आमच्या आधी येऊन गेलेल्या पाहुण्यांना वाटून संपवली होती, हे आमचं नशीब.

अशा माणसाच्या घरात स्मार्टफोन शिरला तो ताईपायी. मागे एकदा तिला मोठा ताप आला आणि जाताना तिचे दोन्ही कान घेऊन गेला. नागपूरला नेऊन यंत्र बसवलं. पण त्यातून तिला माणसांचं बोलणं कमी आणि भांडी पडल्याचा गोंगाटच जास्त ऐकू यायचा. तिनं ते काढून कपाटात ठेवलं आणि हळूहळू समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. इतकी तयार झाली, की तिच्यापुढे कुजबुजण्यात अर्थ उरला नाही. तिला वाचता आले नाहीत ते फक्त तिच्या नवऱ्याचे ओठ, कारण मध्ये मिशी. त्या दोघांचा संसार मग खुणांवर चालू लागला. भाऊजी हात उंचावून, बोटं नाचवून जे सांगत त्यातलं निम्मं तिला कळायचं, आणि उरलेलं निम्मं नाही कळलं तरी तिचं काही अडत नसे. अडलं ते लेकीपाशी. माझी भाची त्यांची एकुलती एक, बंगळुरूला नोकरी करते. साधा फोन लावला तर आई ऐकणार कशी? म्हणून तिनं हा फोन घेऊन दिला, आईनं रोज तोंड बघून बोलावं या हिशेबानं. आणि खरंच, दिवे लागायच्या सुमाराला ताई फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची आणि पडद्यावरच्या लेकीचे ओठ असे वाचायची, की पाहणाऱ्याला वाटावं हिचे कान परत आले. मी ते पाहिलं तेव्हा माझेच डोळे भरून आले होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

भाऊजींनी मात्र फोन हातात घेतला तो बाजारात बैलाचे दात पाहावेत तसा. उलटा केला, सुलटा केला, कडेनं नख फिरवलं. चेहरा उतरला. "साळेबुवा, याले स्क्रूच नाही!" ते म्हणाले. "बिनस्क्रूचं सामान! म्हणजे यानं पयल्याच दिवशी सांगून टाकलं, का तू मालक नाही." चालू केल्यावर फोननं लांबलचक अटी दाखवल्या आणि खाली 'मला मान्य आहे' असं बटण दिलं. हे बटण वाचून दाबलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. भाऊजी वाचायला बसले. चष्मा लावून, मोठ्यानं, पोथी वाचावी तसे. वाचून झाल्यावर थेट दुकानदाराकडे गेले आणि म्हणाले, "यातल्या अर्ध्या मले मान्य नाही. त्या तेवढ्या खोडून द्या." दुकानदारानं हात जोडले. "काकाजी, मान्य नसन तं फोन चालूच होत नाही."

"म्हणजे पैसे घेऊन झाल्यावर इचारून राहिले? अन् नाही म्हणाची सोयही नाही?"

शेवटी ते बटण ताईनं दाबलं. भाऊजी पाठमोरे असताना तिनं मागून येऊन बोट टेकवलं आणि मोकळी झाली. पुढे फोननं कधीही काही आगळीक केली, की भाऊजी छातीवर हात ठेवून सांगत, "म्या नाही दाबलं."

त्या दिवसापासून फोन आणि भाऊजी एका घरात राहणाऱ्या भांडलेल्या भावांसारखे राहू लागले. कॅमेऱ्यावर त्यांनी वायरिंगची काळी टेप लावली. संध्याकाळी ताईच्या बोलण्यापुरती ती काढायची आणि बोलणं संपलं की परत चिकटवायची. दुपारी फोन तुरीच्या डाळीच्या डब्यात असे, कारण डाळीतून त्याला ऐकू जात नसावं असा त्यांचा अंदाज होता. एकदा फोनमधल्या बत्तीनं सगळे नंबर पाहायची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम सौसरला फोन लावला. "बत्तीले माह्या साळ्याचा नंबर कायले पाहिजे जी? अंधारात तुले शोधाचं हाय का?" फोनमध्ये पहिल्यापासूनच पत्त्यांचा एक खेळ, शेअर बाजार आणि चेहरा गोरा करायचं काही तरी असं येऊन बसलेलं होतं. ते काढायला गेले तर निघेना. "हे भाडेकरू कोणं ठेवले?" भाऊजी म्हणाले. "भाडं देत नाही, खोली सोडत नाही. अन् मालक म्हणे मी!" एका शनिवारी जामसांवलीहून मारुतीचं दर्शन घेऊन ते घरी टेकतात न टेकतात, तोच फोन म्हणाला, तुम्ही जामसांवलीच्या मंदिरात जाऊन आलात, कसं वाटलं, पाचपैकी किती तारे द्याल? भाऊजींना घाम फुटला. "मी गेलतो हे मले ठाऊक अन् मारुतीले ठाऊक. याले कोणं सांगतलं?" मी म्हटलं, जाऊ द्या, देऊन टाका पाचही. "मारुतीले मी मार्क देऊ?" असं म्हणून त्यांनी दोन्ही कानांना हात लावले, आणि पुढच्या शनिवारी फोन डाळीत ठेवून, नुसती माफी मागायला पुन्हा जामसांवलीला गेले.

पण त्यांना सगळ्यात जास्त राग होता तो एका ओळीचा. फोनमध्ये सुधारणा करू का, असं कंपनी रोज विचारायची आणि भाऊजी रोज 'नंतर' दाबायचे. "इचारते तवरी ठीक हाय," ते म्हणत, "चांगल्या घरचा माणूस दार वाजवूनच येते." एका दुपारी ते घोरत असताना डब्यातल्या डब्यात फोननं न विचारता सुधारणा करून घेतली. उठून पाहतात तर सगळी चित्रं जागा सोडून भलतीकडे, आणि वर एक ओळ: तुमच्या सुरक्षेसाठी काही बदल करण्यात आले आहेत. भाऊजी फोन घेऊन अंगणात आले. "मी झोपलेलो असतानी माह्या घरात घुसले, भांडेकुंडे इकडचे तिकडे केले, अन् म्हणे माह्या सुरक्षेसाठी!" ती ओळ त्यांनी शेजाऱ्यांना वाचायला लावली, मग ताईच्याही डोळ्यांपुढे नेऊन धरली. ताईला ती फार आवडली. त्यानंतर कधी भाजीत मीठ कमी पडलं किंवा भाऊजींचा आवडता फाटका सदरा पोछ्यात गेला, आणि त्यांनी हातवारे करून तक्रार मांडली, की ती गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "तुमच्या सुरक्षेसाठी." भाऊजी मिशीतल्या मिशीत काही तरी पुटपुटायचे. ते हसत होते असा माझा संशय आहे.

पुढे फोनची बॅटरी फुगली. भाऊजी सकाळच्या गाडीनं नागपूरला कंपनीच्या दुरुस्तीच्या दुकानात निघाले आणि साक्षीदार म्हणून मला सोबत घेतलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, फोन आत देऊन बाहेर बसा. भाऊजी म्हणाले, "मीही आत येतो." आत कोणालाच येता येत नाही म्हटल्यावर त्यांनी आवाज चढवला. "मी पेशंटचा नातेवाईक नाही जी, मी मालक हाय. माह्या डोळ्यासमोर खोला." आतल्या माणसानं बाहेर येऊन समजूत घातली, की या फोनचे भाग येणं आता बंद झालं आहे, तेव्हा जुना देऊन टाका आणि नवा घ्या. "पाय मोडला म्हणून कोणी नवा नवरा करते का?" असं विचारून भाऊजींनी फोन उचलला, आणि बाहेरच्या टपरीवरून एक बॅटरी घेऊन आम्ही परत आलो. घरी येऊन त्यांनी भाकरीचा तवा तापवला, उतरवला, त्यावर फडकं घातलं आणि फोन पालथा ठेवला, का तर कंपनीनं लावलेला डिंक सुटावा. शहाण्या माणसानं हे करू नये. मी आणि ताई अंगणात जाऊन उभे राहिलो. थोड्या वेळानं आतून आरोळी आली. पाठ निघाली होती, आणि आत मोहरीएवढे स्क्रू होते. "पाहा, होते!" भाऊजी ओरडले. "होते, पण लपवले होते!" इतका आनंद त्यांना मुलीच्या पहिल्या नोकरीचाही झाला नव्हता. बॅटरी बदलली, एक स्क्रू उरला, तो बामच्या डबीत गेला. निघालेली पाठ मात्र पुन्हा कधी चिकटली नाही. तिला सायकलच्या ट्यूबचं रबर लावावं लागलं. त्या ध्यानाकडे कौतुकानं बघत भाऊजी म्हणाले, "आता हा माहा झाला."

तो त्यांचा झाला, आणि काही महिन्यांनी एका सकाळी ताईची लेक त्यातून नाहीशी झाली. ज्या ॲपवरून ती आईशी तोंड बघून बोलायची, ते उघडलं की एकच ओळ यायची, या फोनवर हे आता चालणार नाही. फोनला काही झालं नव्हतं. बत्ती लागत होती, शेअर बाजार जागेवर होता, साधा फोन लागत होता. फक्त ताईला जे हवं होतं तेवढंच गेलं. भाची म्हणाली, नवा पाठवते. भाऊजी हट्टाला पेटले. "चालता फोन कचऱ्यात टाकू? पुढच्या साली तेही बंद करतीन. त्यायच्या मर्जीनं मी माही पोरगी पाहू का?" कंपनीला फोन लावले, दुकानदाराचं डोकं खाल्लं, पाठ पुन्हा एकदा उघडून पाहिली. लेकीचा चेहरा काही स्क्रूखाली सापडण्यातला नव्हता. संध्याकाळी ताई सवयीनं फोन तांब्याला टेकवायची, आणि आठवण झाली की उचलून ठेवायची. नवऱ्याच्या भांडणात तिची बाजू खरी असूनही ती गप्प होती, याचा मला भाऊजींवर भारी राग आला होता.

अशातच सौसरला बातमी आली, की भाऊजींनी मिशी काढली. मी आधी मानलंच नाही. मोटरसायकल काढली आणि पांढुर्ण्याला गेलो. पाहतो तर खरंच, नाकाखाली पांढरीफटक मोकळी जागा. दार उघडून कोणी तरी अर्धवट कपड्यात समोर यावं तसं मला झालं. "भाऊजी, हे काय?"

"फोननं माहं थोबाड नोंदवून ठेवलं होतं ना," ते इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले. "आता घे म्हणा ओळखून."

हे कारण एव्हाना सगळ्या बाजारपेठेत पसरलं होतं आणि पांढुर्ण्यानं पोटभर हसून घेतलं होतं. मीही हसलो. बायकोला फोन लावून सांगितलं, ती हसली. हसतहसतच दुपारचं जेवण झालं, आणि जेवण झाल्यावर रबर लावलेला फोन वाजला. भाचीचा साधा फोन होता. भाऊजींनी तो कानाला लावला, खुर्ची ओढून ताईच्या अगदी समोर नेली, आणि पलीकडचं एक-एक वाक्य ऐकून, आवाज न काढता, ओठ सावकाश हलवून तिला सांगू लागले. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. काही तरी विचारायची, ते फोनमध्ये विचारायचे, पुन्हा ऐकायचे, पुन्हा ओठांनी सांगायचे. एवढी वर्षं बंद असलेलं ते तोंड माझ्या बहिणीसाठी उघडलं गेलं होतं, आणि मी आत्तापर्यंत त्यावर हसत होतो.

बोलणं संपत आलं तेव्हा भाची बराच वेळ काही तरी सांगत राहिली. भाऊजी ऐकत होते आणि भिंतीकडे बघत होते. फोन ठेवून ते वळले आणि म्हणाले, "थोडी सर्दी हाय म्हणते. बाकी मजेत."

"एवढा येळ सर्दीच सांगत होती?" ताईनं विचारलं. कान गेल्यापासून तिचा आवाज जरा सपाट आणि मोठा झाला आहे; तिला स्वतःला ते माहीत नाही.

"हो ना."

"खोटं बोलून राहिले तुमी." ती त्यांच्या ओठांवरून नजर हलवायला तयार नव्हती. "मिशी होती तवरी खपून गेलं. आता ओठ थरथरते तुमचा. दिसते मले."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली, आणि खाली घातलेली मान तिला वाचता येत नाही हे आठवून पुन्हा वर केली. पोरीला डेंगू झाला होता. दवाखान्यात भरती होती. आता उतार होता, डॉक्टर दोन-चार दिवसांत सोडणार होते. मधल्या काळात रोज 'जेवली', 'ऑफिसात गेली', 'मजेत हाय' असं ते स्वतःच्या मनानं ताईला सांगत आले होते.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुले घोर लागन म्हणून. तुह्याच भल्यासाठी..."

"माह्या सुरक्षेसाठी," ताई म्हणाली.

या खेपेला ती गंमत करत नव्हती. भाऊजी असे बसले, जणू त्यांच्या हातातून कोणी काही तरी काढून घेतलं आहे. मी पटकन माझा फोन काढून ताईपुढे केला. तिनं तो हातानंच बाजूला सारला. "तुहा नको बाबू. घरचा पाहिजे. रोज पाहिजे. बरी असो का नसो, मले माह्या डोळ्यानं पाहू द्या."

भाऊजी उठले, चप्पल घातली आणि मला म्हणाले, "चाल." वाटेत मोटरसायकलवर ते मागे बसले होते. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साळेबुवा, मी कंपनीचा माणूस झालतो का बे? मधातच बसून ठरवून राहिलतो, तिले काय दाखवाचं अन् काय नाही." मी गाडीच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं केलं.

त्यांना येताना पाहून दुकानदारानं कमरेवर हात ठेवून भांडणाची तयारी केली. भाऊजींनी भांडण केलं नाही. स्क्रू शोधला नाही. ज्यावर तोंड बघून बोलता येतं असा फोन द्या, एवढंच म्हणाले. फोन चालू झाला, अटी आल्या. "काकाजी, आरामात वाचा, घाई नाही," दुकानदार म्हणाला. भाऊजींनी खिशातून चष्मा काढला, हातात धरला आणि परत खिशात ठेवला. मान्य आहे, दाबलं. कॅमेरा? मान्य. आवाज? मान्य. सगळे नंबर? मान्य. तुम्ही कुठे आहात ते? मान्य, मान्य. ज्या माणसानं लग्नातलं घड्याळ उघडून पाहिलं होतं, तो एकामागून एक बटणं दाबत होता आणि वाचत नव्हता. त्यांच्या संशयाला मी इतकी वर्षं हसलो, पण तो असा हरताना मला बघवेना. मला वाटलं, ओरडून सांगावं, भाऊजी, एकाला तरी नाही म्हणा. सगळं झाल्यावर त्यांनी ज्या चित्रावरून लेकीला बघता येतं, त्यावर बोट ठेवलं, आणि दुकानात उभ्या असलेल्या चार गिऱ्हाइकांदेखत दुकानदाराला म्हणाले, "हे तुमच्यात नाही. हे घरवालीचं हाय."

दुकानदाराला काही कळलं नाही. "हो काकाजी," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी फोन तांब्याला टेकला आणि पडद्यावर माझी भाची आली, उशीला टेकलेली, हाताला सलाईन, गाल बसलेले. ताई आधी रडली, मग अंगाची काळजी घेत नाही म्हणून तिला रागावली, मग काय खाल्लं ते विचारलं, आणि मग दोघी हसायला लागल्या. भाऊजी अंगणात खाटेवर बसून राहिले. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "होऊ दे तिचं." नव्या फोनच्या कॅमेऱ्यावर त्यांनी टेप लावली नाही. डाळीच्या डब्यात आता नुसती डाळ असते.

भाची बरी झाली, दिवाळीला घरी येऊन राहून गेली. त्यानंतर परवा मी पांढुर्ण्याला गेलो तेव्हा भाऊजी अंगणात आरसा टांगून दाढी करत होते. दाढी झाल्यावर नाकाखाली आणखी एकदा वस्तरा फिरवला. नाही म्हटलं तरी मला त्या मिशीची आठवण येते. ती असताना भाऊजी ओळखीचे वाटायचे. म्हटलं, "भाऊजी, फोन तं मस्त चालून राहिला. आता वाढवा ना मिशी."

त्यांनी मोकळ्या ओठावरून बोट फिरवलं. "नाही जी," ते म्हणाले. "कंपनीचा काही भरवसा नाही. हाही एक दिवस बंद पडन. तवा माहं तोंड तयार असलं पाहिजे."

ताई दारात उभी होती. तिनं ते वाचलं असावं, कारण ती आत गेली आणि तिच्या झाडाची दोन संत्री घेऊन आली. एक मला दिलं, दुसरं सोलून भाऊजींच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते मागितलं नव्हतं. फोड उलटीसुलटी करून न बघता त्यांनी ती तोंडात टाकली.